सिंह-वाघांच्या फील्डवर्कमध्ये हसण्यासारखं काय असतं?

प्रश्न असा आहे: "मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढं सिंहांच्या संवर्धनात फील्डवर काम करायचं मनात आहे; गीरला, किंवा जमलंच तर आफ्रिकेत. घरात विषय निघाला की ऊन, जंगल, धोका आणि पगार एवढंच बोललं जातं. या कामाला हलकी, आनंदाची बाजूही असेलच ना? आणि आपल्याकडं सिंह नाहीत, मग इथं राहून तयारी कशी करू?"

असते, आणि भरपूर असते. पण ती नेमकी कुठं सापडते ते आधी सांगायला हवं. सिंहाची गर्जना, उघड्यावर चाललेली शिकार, आईच्या मागं ओळीनं जाणारे बछडे हे सगळं महिन्यातून एखाद्या वेळी वाट्याला येतं. रोजचं हसू मात्र कामाच्या बारीकसारीक गोष्टींतून येतं: कॅमेऱ्यासमोर रांगणारी माणसं, शंभर फोटोंत शंभर वेळा तीच म्हैस, एका शब्दाचे दोन भाषांत दोन अर्थ. यातली एकही गोष्ट फुकट नसते. कॅम्पवर ज्याच्यावर सगळे हसले, ते त्याच संध्याकाळी वहीत गेलं पाहिजे. ही सवय लागली की काम टिकतं आणि माणूसही टिकतो.

आधी सिंहाचंच घेऊ. सिंह दिवसातले अठरा-वीस तास झोपून किंवा लोळून काढतो. म्हणजे सिंहांच्या वर्तनाची नोंद ठेवणाऱ्याचं मुख्य काम झोपलेल्या जनावराकडं बघत बसणं हेच आहे. तक्त्यावर दर पंधरा मिनिटांनी एक अक्षर लिहायचं: 'झो' म्हणजे झोप, 'लो' म्हणजे लोळणं, 'चा' म्हणजे अंग चाटणं, 'चल' म्हणजे चालणं. अशी पानंच्या पानं 'झो'नं भरतात. दुपारी दोनच्या सुमाराला बघणाऱ्यालाही डुलकी लागते आणि मग चार ओळी एकदम, अंदाजानं भरल्या जातात. चूक होते ती नेमकी इथं. उपाय सोपा आहे: दोघांची जोडी, दोन-दोन तासांची पाळी, आणि प्रत्येक ओळीपुढं घड्याळात बघून लिहिलेली वेळ. 2:15, 2:30, 2:45 अशा गोल वेळा ओळीनं दिसल्या की तपासणाऱ्यानं ओळखावं की बसून भरल्या आहेत. खऱ्या नोंदीत 2:16, 2:29, 2:47 असतंच.

त्या 'झो'ला किंमत का आहे, तेही समजून घ्या. निरोगी सिंह झोपेतही बारीक हलत असतो. माशी बसली की कान झटकतो, शेपटीचा गोंडा आपटतो, सावली सरकली की कूस बदलत सावलीमागं सरकतो. सावली निघून गेली तरी सिंह उन्हातच पडून आहे, माश्या डोळ्यांवर बसल्या तरी कान हलत नाही, असं दिसलं की तीच ओळ धोक्याची सूचना ठरते. सप्टेंबर 2018 मध्ये गीरच्या दलखाणिया भागात कॅनाइन डिस्टेंपर या मूळच्या कुत्र्यांच्या रोगाच्या विषाणूनं सिंह दगावले, त्यानंतर अशा साध्या निरीक्षणाचं मोल सगळ्यांनाच जास्त कळलं. म्हणून सिंह घोरतोय म्हणून हसा, पण मिनिटाला श्वास किती ते मोजून लिहा.

बछडे असले की दिवस कसा जातो कळत नाही. मार्जारकुळात शेपटीला गोंडा फक्त सिंहालाच असतो, आणि बछड्यांचं पहिलं खेळणं म्हणजे आईच्या शेपटीचा तो गोंडा. दबा धरणं, झेप, चावा, सगळे धडे त्या गोंड्यावरच गिरवले जातात. जन्मतः बछड्याला गोंडा नसतो, साधारण पाच-साडेपाच महिन्यांपासून तो दिसू लागतो. त्यामुळं हसत हसत काढलेल्या या फोटोंत शेपटीचं टोक नीट आलं, तर वयाचा अंदाज बांधायला तेच कामी येतं. तक्त्यात नुसतं 'खेळ' लिहू नका. कुणी कुणावर झेप घेतली, किती वेळा, आणि आईनं कधी पंजा मारून थांबवलं ते लिहा.

गीरमध्ये दर पौर्णिमेला कर्मचारी चोवीस तास सिंहांची नोंद घेतात. त्याला 'पूनम अवलोकन' म्हणतात. चांदण्यात, पाणवठ्याजवळ, पायवाटांवर बसून केलेलं हे काम थकवणारं असतं, पण त्या रात्रींची वाट सगळेच बघतात. मोठी गणना मे 2025 मध्ये झाली, त्यात 891 सिंह मोजले गेले: 196 प्रौढ नर, 330 प्रौढ माद्या, 140 तरुण आणि 225 बछडे. 2020 मध्ये हाच आकडा 674 होता. या आकड्यांमागं गोल, नीटस वेळा न लिहिणाऱ्या माणसांच्या वह्या आहेत.

आता भाषेचा भाग, कारण सीमाभागातल्या माणसाला हा आनंद दुप्पट मिळतो. काठियावाडात सिंहाला 'सावज' म्हणतात. मराठीत सावज म्हणजे ज्याची शिकार होते ते! मराठी मुलगा गीरला गेला आणि ट्रॅकरनं हळूच सांगितलं, "सावज झाडाखाली बसलंय," तर तो चितळ शोधत बसेल आणि समोर दीडशे किलोच्या वरचा नर असेल. पहिल्या आठवड्यातच हा शब्द पक्का करून घ्या, कारण हसण्याच्या पलीकडं तो सुरक्षेचाही प्रश्न आहे.

आपल्याकडंही असंच आहे. मराठीत करडी म्हणजे करडई, तेलाचं पीक. कन्नडमध्ये 'करडी' म्हणजे अस्वल. "शेतात करडी आहे" हे वाक्य बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या मातीत ऐकलं की पीक उभं आहे असं समजायचं की पळायचं, हे बोलणारा कुठल्या भाषेत बोलतोय त्यावर ठरतं. करडईला कन्नडमध्ये 'कुसुबी' म्हणतात, हे माहीत असलं की गोंधळ मिटतो. 'हुली' म्हणजे वाघ आणि 'हुळी' म्हणजे आंबट. ल आणि ळ स्पष्ट ऐकायची सवय लावा. 'तोळ' म्हणजे लांडगा, 'नरी' म्हणजे कोल्हा, 'चिरते' म्हणजे बिबट्या, 'हंदी' म्हणजे डुक्कर. वनखात्याचे अर्ज, पंचनामे, नुकसानभरपाईची कागदपत्रं कन्नडमध्ये असतात. कन्नड वाचता-लिहिता आलंच पाहिजे, बोलता येणं पुरत नाही.

आणि आपल्या मराठीतले घोळ काही कमी नाहीत. खानापूरच्या जंगलपट्टीत 'वाघ' हा शब्द पट्टेरी वाघालाही चालतो आणि बिबट्यालाही. रात्रीच्या वेळी तर नावच घेत नाहीत. 'जनावर दिसलं' म्हणतात. आता जनावर म्हणजे साप, बिबट्या, की शेजाऱ्याची सुटलेली म्हैस? तिन्ही शक्य आहेत. त्यामुळं प्रश्न विचारायची पद्धत शिकून घ्यावी लागते. "बिबट्या होता का?" असं कधीच विचारायचं नाही, समोरचा माणूस होच म्हणतो. विचारायचं असं: पट्ट्याचं की ठिपक्याचं? शेपूट जमिनीला टेकत होतं की आखूड होतं? उभं राहिल्यावर तुमच्या गुडघ्याएवढं होतं की मांडीएवढं? कुंपणावरून गेलं की खालून? किती वेळ दिसलं? तुम्ही कुठं उभे होता, तिथूनच दाखवा. शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी, कारण माणूस जागेवर उभा राहिला की अंतर आपोआप खरं होतं. अशा चौकशीतून रानमांजर, वाघाटी, उदमांजर, कोल्हा आणि गावातला तांबूस कुत्रा हे सगळे 'वाघ' बाहेर पडतात. सांगणाऱ्याला मात्र कधी हसायचं नाही. त्याची भीती खरी असते, आणि आज हसलात तर उद्या खरा बिबट्या आला तेव्हा तो तुम्हाला फोन करणार नाही.

ऑगस्ट 2022 आठवत असेल. बेळगाव शहरात गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिवमोग्याच्या सक्रेबैलू कॅम्पमधून हत्ती आणले गेले, आणि बिबट्या काही हाती लागला नाही. अशा वेळी गावभर फोटो फिरतात आणि त्यातले बरेच कुठल्या कुठले असतात. फोटो आला की मूळ फाइल मागायची. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेल्या फोटोतून वेळ-ठिकाणाची माहिती निघून गेलेली असते. ज्या फोनवर काढला तो फोन बघायचा, आणि मग त्याच जागी जाऊन, त्याच कोनातून, तीच भिंत आणि तेच झाड दिसतंय का ते जुळवायचं. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यानं शहरभराची झोप वाचते.

पावलांच्या ठशांतही फसगत ठरलेली. ओल्या चिखलात ठसा पसरतो आणि साधा बिबट्या वाघाएवढा वाटू लागतो. एखाद्या सेंटीमीटर धुळीचा थर असलेल्या घट्ट वाटेवरचा ठसाच मोजायचा. बिबट्याचा पंजा साधारण 7 ते 9 सेंटीमीटर रुंद असतो. 12 च्या पुढं गेला तर मोठ्या जनावराचा विचार करा. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात आणि मधली गादी त्रिकोणी असते. मांजरकुळात नखं आत असतात आणि गादीच्या मागच्या कडेला तीन गोल फुगवटे दिसतात. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. नसली तर दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते 27 मिलीमीटरचं असतं. काडेपेटी, चप्पल, हाताचा पंजा यांच्या फोटोंचा उपयोग होत नाही, कारण चप्पल कुणाची ते नंतर कुणालाच आठवत नाही.

कॅमेरा ट्रॅपबद्दल, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल, जरा जास्त बोलतो, कारण हलकी बाजू इथं सर्वांत जास्त आहे आणि तुम्ही घरापासून जवळ हेच काम शिकू शकता. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र 190.42 चौरस किलोमीटर. पलीकडं दांडेलीचा काळी व्याघ्र प्रकल्प. वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, कोळसुंदे, भेकर, पिसोरी, साळिंदर सगळं आहे. देशभराच्या व्याघ्रगणनेत दर 2 चौरस किलोमीटरच्या चौकोनात कॅमेऱ्यांची एक जोडी लावतात आणि ती किमान 25 दिवस चालू ठेवतात. जोडी कशासाठी? वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात, दोन्ही बाजू एकाच वेळी मिळाल्या तर ओळख पक्की.

कॅमेरा वाटेपासून तीन-चार मीटरवर, जमिनीपासून 30 ते 45 सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे गुडघ्याच्या आसपास बांधायचा. समोरासमोरचे दोन कॅमेरे अगदी एका रेषेत नकोत. एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात जातो आणि दोन्ही फोटो पांढरे येतात. थोडे पुढंमागं ठेवा. तोंड पूर्व-पश्चिमेला नको, सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट भिंगात येतं. समोरचं दोन-तीन मीटरचं गवत आणि लोंबणाऱ्या फांद्या कापायच्या. आणि मग येतो तो प्रसंग: कॅमेरा जनावराच्या उंचीवर जागा होतो का हे तपासायला एकानं त्याच्यासमोरून हातापायांवर रांगत जायचं. वाकून चालणं चालत नाही, सेन्सरला उंची चुकते. त्यामुळं जगातल्या प्रत्येक कार्डावरचा पहिला फोटो हा रांगणाऱ्या माणसाचा असतो, पाठीला पिशवी, दातांत पेन्सिल. याला कुणी लाजायचं नाही. ज्या कॅमेऱ्यासमोर कुणी रांगलं नाही, त्या कॅमेऱ्यात पुढच्या महिन्यात वाघाचे फक्त कान येतात.

रांगून झालं की पाटी धरायची. पाटीवर ठिकाणाचा क्रमांक, कॅमेऱ्याचा क्रमांक, तारीख आणि चोवीस तासांच्या पद्धतीनं वेळ. याचं कारण असं की बॅटऱ्या बदलताना घड्याळ मागं जातं, काही कॅमेऱ्यांत ते एकदम वर्षाच्या पहिल्या तारखेला जाऊन बसतं. बारा तासांचं घड्याळ असेल तर सकाळ-रात्रीची अदलाबदल होते आणि अस्वलं भर दुपारी बारा वाजता फिरताना दिसतात, गायी मध्यरात्री रांगेत चरायला निघालेल्या दिसतात. ते फोटो बघून हसू येतंच. पाटीचा फोटो असेल तर खरी वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ यांतला फरक काढून सगळं कार्ड दुरुस्त होतं. पाटी नसेल तर महिन्याभराचं काम वेळेच्या विश्लेषणातून बाद.

कार्डात काय निघतं? गायी, म्हशी, बकऱ्या, कुत्री, सरपणाला जाणाऱ्या बाया, आणि हलणारी पानं. सेन्सर हलणाऱ्या उष्णतेवर चालतो. दुपारी तापलेलं पान वाऱ्यानं हललं तरी तो जागा होतो. एक कारवीचं पान अख्खी मेमरी भरू शकतं. उलट भर उन्हात जमीन जनावराच्या अंगाएवढी तापली की खरं जनावर समोरून जाऊनही फोटो येत नाही. म्हणून 'काहीच आलं नाही' याचा अर्थ 'काहीच गेलं नाही' असा घेऊ नका. रिकामे फोटो पुसायचेही नाहीत; ते कधी आले त्यावरून कॅमेरा कोणत्या दिवसापर्यंत जिवंत होता ते कळतं. म्हशींचे फोटो मोजायचे, कारण पाळीव जनावरं कुठपर्यंत आत येतात यावरच बिबट्याशी होणारा संघर्ष कुठं वाढेल ते ठरतं.

जनावरांना कॅमेऱ्याबद्दल भयंकर कुतूहल असतं. माकडं भिंगाला डोळा लावून बघतात. कार्डात ओळीनं नाकपुड्या निघतात. गवा खांब समजून मान घासतो आणि कॅमेरा आभाळाकडं वळतो, मग पुढचे पंधरा दिवस फांद्या आणि चंद्र. अस्वल नखांनी उचकटायला बघतं. हत्ती सोंडेनं ओढून काढतो. साळिंदराला मिठाची ओढ, म्हणून घाम मुरलेला पट्टा कुरतडतो. मुंग्या मात्र सर्वांत जास्त नुकसान करतात. झाकणाच्या रबरी कडेवर वाळूचा एक कण राहिला तरी फट राहते, आणि तेवढ्या फटीतून शिरून त्या बॅटऱ्यांशेजारी अंडी घालतात. झाकण लावण्याआधी ती कड बोटानं पुसा, आत सिलिका जेलची पुडी टाका, आणि बुंध्यावर आधीच मुंग्यांची रांग असेल तर झाड बदला. लोखंडी पेटी वापरली तर अस्वल आणि गवा सांभाळला जातो. हत्तीपुढं पेटीचं काही चालत नाही. मोडलेल्या कॅमेऱ्याचं कार्ड आधी वाचा. मोडणाऱ्याचा शेवटचा फोटो ही पक्की नोंद असते, तारखेसह.

माणसांच्या फोटोंचं काय? मुलं कॅमेरा दिसला की नाचतात, कुणी केस विंचरतं, कुणी हात जोडतं. हसू येणारच. पण ते फोटो फोनवर घ्यायचे नाहीत, ग्रुपवर टाकायचे नाहीत. जंगलात सरपणाला, आडोशाला जाणाऱ्या बाईला आपला फोटो काढला जातोय याची कल्पना नसते. माणसांची संख्या नोंदवा आणि फोटो वेगळ्या, बंद फोल्डरमध्ये ठेवा किंवा नियमाप्रमाणं पुसा. कॅमेऱ्याजवळ मराठी आणि कन्नड दोन्हींत सूचना लावा, आणि लावायच्या आधी गवाळी असो की दुसरं कुठलं गाव, तिथं जाऊन सांगा. एखाद्याच्या घरी चहा घेऊन सांगितलेला कॅमेरा सहसा चोरीला जात नाही. या एका मुद्द्यावर तडजोड करणाऱ्या टीमबरोबर काम करू नका, हे मी आग्रहानं सांगेन.

कार्डांच्या बाबतीत एकच सांगतो. प्रत्येक कार्डात फोटोंची नावं एकसारखीच सुरू होतात, त्यामुळं दोन कार्डं एका फोल्डरात ओतली की एकावर दुसरं बसतं. ठिकाणाच्या क्रमांकाचा फोल्डर आधी, कॉपी नंतर, आणि दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड कोरं करायचं नाही.

विष्ठेचं काम ऐकून नवीन पोरं नाक मुरडतात आणि महिन्याभरात तेच जेवताना त्याच्यावर चर्चा करतात. बिबट्याच्या विष्ठेतले केस धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यानं काय खाल्लं ते कळतं: कुत्रा, भेकर, डुक्कर, वानर. गोळा करताना हातमोजे, कागदी पिशवी, आत-बाहेर दोन चिठ्ठ्या. जनुकीय तपासणीसाठीचा नमुना अल्कोहोलमध्ये ठेवायचा असेल तर चिठ्ठी शिसपेन्सिलीनंच लिहा. बॉलपेनची आणि मार्करची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि हातात उरतो निळं पाणी असलेला निनावी नमुना. वाळवायची ताटं स्वयंपाकाच्या जागेपासून लांब, वरून जाळी झाकून. जाळी नसेल तर गावची बकरी येऊन चिठ्ठ्या तेवढ्या खाऊन जाते.

जनावरांना नावं ठेवण्याचा मोह प्रत्येक कॅम्पवर होतो आणि तो वाईट नाही. केनियात अंबोसेलीच्या आसपास 'लायन गार्डियन्स' या उपक्रमात मासाई तरुण सिंहांना मासाई नावं देतात; ज्या सिंहाला नाव आहे त्याच्यावर भाला उचलायला हात धजत नाही. अडचण येते ती नोंदीत. 'लंगडा' नाव ठेवलं, तीन महिन्यांत पाय बरा झाला आणि नवीन माणूस लंगडणारा शोधत बसला. 'राणी' पुढच्या वर्षी नर निघाला, कारण कोवळ्या नराला आयाळ फुटलेली नव्हती. म्हणून कायमचा क्रमांक आधी, नाव कंसात, आणि लिंग नक्की नसेल तर रकाना रिकामा.

खाण्यापिण्याचं थोडक्यात: नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते आणि बसल्या जागी खाता येते. केळी नेऊ नका, माकडं कॅम्प सोडत नाहीत. बेळगावचा कुंदा न्यायचा असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा पाण्याच्या परातीत. नाहीतर रात्रीत मुंग्यांचा होतो. कणकुंबी-आमगावकडचा पाऊस मोठा, त्यामुळं कॅमेरे मे संपायच्या आत उतरवायचे. पावसात जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे, त्यावर तंबाखूचं पाणी. लागलेली जळू नखानं बाजूला खरवडा, ओढू नका. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही. गोचीड मात्र हसण्यावारी नेऊ नका. सीमेलगतच्या डोंगरपट्ट्यात माकडतापाची लागण मुख्यतः तिच्यातून होते. रोज संध्याकाळी अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखातं आणि आरोग्य खात्याला कळवा.

तयारीबद्दल. परवानगीशिवाय अभयारण्यात कॅमेरा लावणं, फिरणं सोडाच, वाटेवर थांबणंही अडचणीचं ठरतं. तेव्हा वनखात्यामार्फत स्वयंसेवक म्हणून गणनेत सहभागी व्हा. दोन किलोमीटरचा ट्रान्सेक्ट, म्हणजे जनावरं मोजत चालायची आखलेली सरळ वाट, पहाटे गप्प राहून चालता आला पाहिजे, हाच पहिला धडा. पुढच्या शिक्षणासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूच्या एनसीबीएसचा (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) वन्यजीव अभ्यासक्रम बघा.

सिंह बघायचा तर जवळचा आहे. हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिरातला आहे, गोव्याच्या कदंबांच्या राजचिन्हावरचा आहे, पण अभ्यासासाठी बेळगावजवळ भुतरामनहट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात जा. सिंहाला पट्टे नसतात, ठिपके नसतात, म्हणून त्याची ओळख मिशांवरून पटवतात. मिशीचा प्रत्येक केस जिथून उगवतो तिथं काळा ठिपका असतो. ठिपक्यांच्या ओळी असतात. सर्वांत वरच्या अपुऱ्या ओळीतले ठिपके खालच्या सलग ओळीतल्या कोणत्या ठिपक्यांच्या वर येतात ते बघायचं. ही मांडणी जन्मभर बदलत नाही आणि डावी-उजवी बाजू वेगळी असते. वहीत आधी खालच्या ओळीचे ठिपके काढून त्यांना नाकाकडून क्रमांक द्या, मग वरचे ठिपके जागेवर बसवा. कानाची खाच, नाकावरचा व्रण वेगळा लिहा; तो नंतर बदलू शकतो.

जाळीबाहेरून, प्रेक्षकांच्या वाटेवरूनच काम करा. सकाळी लवकर जा, दुपारी तोंड पंजात घालून झोपलेला असतो. मोबाइल पुरत नाही, झूम असलेला कॅमेरा लागतो. तोंड अगदी बाजूनं दिसलं तरच फोटो घ्या. थोडं जरी वळलेलं असलं तरी ओळी तिरक्या दिसून ठिपका एका घरानं सरकतो. आठवड्यानं परत जा, पहिला नकाशा न बघता नवीन काढा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्या वेळी एकाच सिंहाचे दोन वेगळे सिंह झालेले असतील. कुठला ठिपका सरकला ते शोधा. बहुतेक वेळा तो सर्वांत मागचा, गालाकडचा निघतो. तो जुळेपर्यंत दर आठवड्याला जात राहा.